घरासाठी जनरेटर: आधी मोटरचा झटका मोजा

चार खोल्यांच्या घराला किती केव्हीएचा जनरेटर लागेल, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर देता येत नाही. जनरेटरला खोल्या कळत नाहीत. त्याला लोड कळतो, म्हणजे जोडलेली उपकरणं ओढतात ती वीज, आणि त्यातही मोटर सुरू होतानाचा झटका, म्हणजे पहिल्या सेकंदाला ओढलेली जादा वीज. वीस दिवे, पाच पंखे आणि टीव्ही आरामात ओढणारं यंत्र पाण्याचा पंप लावला की मान टाकतं. पंप मात्र घुमत राहतो, फिरत नाही, आणि वास यायला लागतो. घरगुती जनरेटरच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या एका सेकंदात असतं. म्हणून निवडही तिथूनच सुरू करायची.

त्याआधी एक पायरी आहे. लाईट किती वेळ जाते ते महिनाभर लिहून ठेवा. अर्धा-एक तास जात असेल आणि दिवे, पंखे, राउटर एवढंच चालवायचं असेल, तर बॅटरीवरचा इन्व्हर्टर पुरतो आणि तोच बरा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर १८०० वॉट-अवर असतात, पण ती निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर लवकर मरते. इन्व्हर्टरमधली घट वजा करून ८०० वॉट-अवर धरा. २०० वॉटच्या लोडला ते चार तास झाले. आठ-दहा तास किंवा दिवसेंदिवस वीज नसेल, पंप आणि फ्रिज चालायलाच हवा असेल, तेव्हा जनरेटरला पर्याय नाही. माझ्या मते अशा घरांसाठी सगळ्यात शहाणी रचना म्हणजे दोन्ही: रात्री बॅटरी, आणि दिवसा दोन-तीन तास जनरेटर. त्या वेळात टाकी भरते, फ्रिज गार होतो, बॅटरीही बऱ्यापैकी चार्ज होते. मग मोठं यंत्र चोवीस तास धडधडत ठेवावं लागत नाही.

लोड कसा मोजायचा

उपकरणावरच्या पट्टीवरचे वॉट वाचून बेरीज करणं ही सुरुवात झाली. त्याहून खरा आकडा तुमच्याच वीजमीटरमध्ये आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३२०० लुकलुकींना एक युनिट. लाईट गेल्यावर जे चालू ठेवायचं तेवढंच चालू ठेवा, बाकी सगळं बंद करा, आणि दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते बघा. समजा वीस सेकंद लागले, म्हणजे एकीला दोन. मग ३६,००,००० भागिले (३२०० गुणिले २), उत्तर साधारण ५६० वॉट. मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर ३२०० च्या जागी तो घाला.

हा झाला चालू लोड. झटका यात दिसत नाही. त्यासाठी क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर लागतो, तोही ‘इनरश’ (सुरू होतानाचा क्षणिक करंट) टिपणारा. क्लॅम्प फक्त फेजच्या तारेभोवती घाला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही चिमट्यात आले तर एकाचं चुंबकीय क्षेत्र दुसऱ्याला खोडतं आणि वाचन शून्य येतं. उघड्या तारांजवळचं काम आहे, सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या. एक एचपीचा सिंगल फेज पंप चालू असताना साधारण ५ अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर २५ ते ३० अँपिअरपर्यंत जातो. फ्रिजचा कॉम्प्रेसर १५० वॉटवर चालतो आणि सुरू होताना ८००-९०० वॉटचा झटका देतो.

जनरेटरवर हा झटका थोडा कमी बसतो, कारण लोड येताच व्होल्टेज खाली दबतं आणि त्याबरोबर करंटही. म्हणून पंपाची निवड करताना चालू वॉटच्या किमान तिप्पट धरतात. पण व्होल्टेज दबण्याला मर्यादा आहे. मोटरची सुरुवातीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. व्होल्टेज २० टक्के पडलं की ताकद ६४ टक्क्यांवर येते, ३० टक्के पडलं की निम्म्यावर. खोल बोअरमधला सबमर्सिबल, ज्याच्या डोक्यावर पाण्याचा स्तंभ उभा असतो, तो तेवढ्या ताकदीत उठत नाही.

आता बेरीज. सहा एलईडी दिवे ५४ वॉट, चार पंखे ३००, टीव्ही १००, राउटर १५, फ्रिज १५०, पंप ११००. एकूण चालू लोड १७१९ वॉट. नियम असा: सगळ्यांचा चालू लोड घ्या, त्यातून सगळ्यात मोठ्या मोटरचा चालू लोड काढा आणि तिचा सुरुवातीचा लोड घाला. १७१९ वजा ११०० अधिक ३३००, म्हणजे ३९१९ वॉट. हाच पंप सगळ्यात आधी लावला आणि बाकीचं मागून जोडलं, तर झटक्यापुरते ३३०० वॉट भागतात. आणि पंप यादीतून काढला, टाकी लाईट असताना भरून ठेवली, तर? चालू लोड ६१९ आणि फ्रिजचा झटका धरून जेमतेम १४०० वॉट. एका पंपाने यंत्राचा आकार दुपटीहून जास्त केला. म्हणून आधी पंपाचा निर्णय घ्या, मग जनरेटरचा.

एसी चालवायचा असेल तर तो इन्व्हर्टर एसी आहे का ते बघा. जुन्या, ठोक चालू-बंद होणाऱ्या दीड टनी एसीला चालू १५०० ते १८०० वॉट आणि झटका त्याच्या काही पट लागतो. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, त्यामुळे झटका जवळजवळ नसतोच. जुन्या पंपाला किंवा एसीला सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) लावून झटका बराच खाली आणता येतो, पण तो त्या मोटरच्या जातीला चालणारा हवा. आणि मोठं यंत्र घेण्याआधी पंपाचा कपॅसिटर, म्हणजे मोटर उठवायला मदत करणारा भाग, तपासा. वीस-पंचवीस टक्के उतरलेला कपॅसिटर मेनवर कसाबसा मोटर उठवतो आणि जनरेटरवर हात टेकतो. दोष मात्र जनरेटरला लागतो.

पाटीवरचे आकडे

केव्हीए म्हणजे किलोवॉट नव्हे. पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा, ०.८ धरला तर ५ केव्हीएचे ४ किलोवॉट होतात. लहान पोर्टेबल सेटवर अनेकदा पॉवर फॅक्टर १ धरून आकडा लिहितात, म्हणून पाटी नीट वाचा. दुसरी गोष्ट, मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा ‘मॅक्स’ असतो. तो काही क्षणांपुरता. तासन्‌तास चालणारा ‘रेटेड’ आकडा बारीक अक्षरात, साधारण दहा टक्के खाली असतो. निवड रेटेडवर करायची, आणि चालू लोड रेटेडच्या ५० ते ७५ टक्क्यांत बसवायचा. उंचीवर राहत असाल तर हवा विरळ असल्याने दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के ताकद कमी होते. १५०० मीटरवर १७ टक्क्यांहून जास्त गेली.

थ्री फेजची चूक फार महागात पडते. घरात थ्री फेज मीटर आहे म्हणून ९ केव्हीएचा थ्री फेज सेट आणला जातो. एका फेजवर त्याला फक्त ३ केव्हीए देता येतात. सगळा पंप-एसी एका फेजवर असेल तर तो एक फेज दबतो आणि बाकी दोन मोकळे राहतात, शिवाय त्यांचं व्होल्टेज वर चढतं. घरात खरोखर थ्री फेज मोटर नसेल तर सिंगल फेज सेटच घ्या.

साधा की इन्व्हर्टर जनरेटर

नावाचा घोळ आधी सोडवू. बॅटरीवाला ‘इन्व्हर्टर’ वेगळा आणि ‘इन्व्हर्टर जनरेटर’ वेगळा. दुसऱ्यात इंजिन असतंच. फक्त अल्टरनेटरची (इंजिनाने फिरणाऱ्या, वीज बनवणाऱ्या भागाची) वीज आधी डीसी होते आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिची स्वच्छ एसी वीज, म्हणजे घरात येते तशी दिशा बदलणारी वीज, बनवतं.

साध्या सेटमध्ये इंजिनाचा वेग हीच फ्रिक्वेन्सी. दोन ध्रुवांच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३००० फेरे मारावेच लागतात, लोड असो वा नसो. म्हणून रिकामा सेटसुद्धा तेवढाच ओरडतो आणि पेट्रोल पितो. इन्व्हर्टर जनरेटर लोड कमी झाला की वेग कमी करतो. आवाज कमी, इंधन कमी, व्होल्टेजची लाट सरळ. पण त्याची झटका सोसायची ताकद मर्यादित असते. त्याचं सर्किट ओव्हरलोड दिसताच पुरवठा तोडतं, तर साधा सेट धापा टाकत का होईना मोटर ओढून नेतो. रात्रभर दिवे, पंखे, फ्रिज, लॅपटॉप चालवायचे असतील तर इन्व्हर्टर जनरेटर घ्या. एक-दीड एचपीचा पंप हे मुख्य काम असेल तर एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारं सर्किट) असलेला साधा सेट घ्या. एव्हीआर नसलेले, कपॅसिटरवर व्होल्टेज सांभाळणारे स्वस्त सेट पंपासाठी घेऊ नका, त्यांचं व्होल्टेज झटक्याला कोसळतं. अल्टरनेटरचं वाइंडिंग तांब्याचं आहे की ॲल्युमिनियमचं, हेही लेखी विचारून घ्या.

बॅटरीवाला इन्व्हर्टर साध्या जनरेटरवर चार्ज होत नसेल तर त्याच्या मागचा ‘यूपीएस/नॉर्मल’ खटका बघा. यूपीएस मोडमध्ये तो व्होल्टेजची अरुंद पट्टीच स्वीकारतो आणि साध्या जनरेटरची डुगडुगती वीज नाकारतो. नॉर्मलवर टाकला की बहुधा घेतो.

इंधन

३ किलोवॉटचा पेट्रोल सेट अर्ध्या लोडवर तासाला साधारण १ ते १.३ लिटर पितो. दिवसाला सहा तास म्हणजे सहा ते आठ लिटर. एवढं इंधन चार दिवस पुरेल असं साठवायची सुरक्षित आणि कायद्यात बसणारी जागा आहे का, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारा. पेट्रोल काही महिन्यांत जुनं होतं. इथेनॉल मिसळलेलं असेल तर हवेतलं पाणी शोषतं आणि तळाशी पाणी-इथेनॉलचा थर वेगळा पडतो. डिझेल जास्त टिकतं, युनिटमागे कमी लागतं, रोज पाच-सहा तास चालवायचं तर तेच. पण डिझेल इंजिन सतत ३० टक्क्यांखालच्या लोडवर चालवलं तर इंधन पुरतं जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळं ओशट पाणी गळायला लागतं. मोठं डिझेल घेऊन त्यावर चार दिवे लावणं म्हणजे ते इंजिन खराब करणं. एलपीजीवर चालणारे सेट साठवणुकीला उत्तम, गॅस शिळा होत नाही. ताकद पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के कमी मिळते आणि थंडीत लहान सिलिंडर पुरेशी वाफ देऊ शकत नाही, अंगावर बर्फ धरतं आणि इंजिन मरतं.

घराला जोडणी

इथे तडजोड नको. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर घरातल्या सॉकेटला जोडतात, हे जीव घेणं आहे. त्या वायरचं मोकळं टोक जिवंत असतं. आणि मेन स्विच पाडायचा राहिला तर तुमची वीज उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मर ती उलट्या दिशेने चढवतो आणि लाईट गेली आहे या भरवशावर खांबावर चढलेल्या माणसाच्या हातात हजारो व्होल्टची तार असते. उपाय एकच: चेंजओव्हर स्विच. त्याचा खटका एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकतो, मध्ये ‘बंद’ची जागा असते. सिंगल फेजला तो डबल पोल हवा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही बदलणारा. छतावर ग्रिडला जोडलेलं सोलर असेल तर त्याची जोडणी चेंजओव्हरच्या मेनकडच्या बाजूला हवी. नाहीतर सोलर इन्व्हर्टर जनरेटरला ग्रिड समजून त्यातच वीज ढकलायला लागतो, आणि जनरेटरला ती घेता येत नाही.

न्यूट्रलचा मुद्दा बारीक आहे, पण समजून घ्या. बरेच लहान सेट ‘फ्लोटिंग’ असतात, न्यूट्रल त्यांच्या सांगाड्याला जोडलेला नसतो. ओळखायची खूण: सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटतो, आणि अर्थशी मोजलं तर दोन्हीकडे साधारण ११५ व्होल्ट दिसतात. अशा वेळी घरातला आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, गळती पकडत नाही, कारण गळलेल्या करंटला परतीची वाटच नसते. धोकादायक गोष्ट ही की त्याचं ‘टेस्ट’ बटण दाबलं तर तो तरीही पडतो. बटण फेज आणि न्यूट्रलमध्येच छोटी गळती घडवतं, अर्थशी त्याचा संबंध नसतो. त्यामुळे बटण पडलं म्हणून निर्धास्त होऊ नका. न्यूट्रल-अर्थची जोड कुठे करायची हे सेटचं पुस्तक आणि घराची अर्थिंग पद्धत बघून जाणकार वायरमनने ठरवायचं. ती एकाच ठिकाणी असावी, आणि जनरेटरच्या सांगाड्याला चांगली अर्थिंग हवी.

वायरची जाडी बहुतेक जण फक्त चालू लोडवर ठरवतात. २० मीटर लांब, १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. जाण्या-येण्याचा मिळून रोध ०.४८ ओहम. १० अँपिअरला ५ व्होल्ट पडतात, चालून जातं. पण पंपाच्या ३० अँपिअरच्या झटक्याला साडेचौदा व्होल्ट वायरमध्येच गेले, आणि ते जनरेटरच्या दबलेल्या व्होल्टेजमधून वजा होतात. ४ चौरस मिलिमीटर वापरली तर हीच घट साडेपाच व्होल्टवर येते. न उठणारा पंप कधीकधी एवढ्यानेच उठतो.

जागा

धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. गॅरेज, जिना, झाकलेली बाल्कनी, शाफ्ट, व्हरांडा यांपैकी कुठेही जनरेटर ठेवायचा नाही, दार-खिडकी उघडी ठेवूनही नाही. उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर, धुराचं तोंड घराच्या आणि शेजाऱ्यांच्याही उलट दिशेला. झोपायच्या खोल्यांजवळ बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा. एवढी मोकळी जागाच नसेल तर जनरेटर घेऊ नका, मोठी बॅटरी घ्या. पावसासाठी वर छप्पर चालेल, चारी बाजू मोकळ्या हव्यात.

आवाजाचा आकडा वाचताना तो किती अंतरावर आणि किती लोडवर मोजला ते बघा. ७ मीटरवर पाव लोडचा आकडा छापून पूर्ण लोडचा लपवला जातो. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात.

ताब्यात घेताना

नवे सेट बहुधा ऑइलशिवाय येतात. ऑइल भरून, सपाट जागेवर डिपस्टिकने पातळी बघूनच सुरू करा. उतारावर ठेवलेला सेट ऑइल पुरेसं असूनही बंद पडतो, कारण आतल्या सेन्सरला पातळी कमी वाटते. पहिले काही तास निम्म्या लोडपर्यंतच ठेवा. मग खरी चाचणी घ्या: मल्टिमीटर लावून रिकाम्यावर ५१ ते ५२.५ हर्ट्झ आणि साधारण २३५ व्होल्ट दिसायला हवेत. आता इस्त्री, किटली, रूम हीटर असे शुद्ध तापणारे लोड रेटेड आकड्यापर्यंत चढवा. फ्रिक्वेन्सी ४९ च्या खाली जाऊ नये, व्होल्टेज २२० च्या आसपास टिकावं, आणि वीस मिनिटांनंतरही. सगळा लोड एकदम काढला की व्होल्टेज उसळून लगेच खाली यायला हवं. शेवटी फक्त पंप लावा. जवळचा पिवळा बल्ब मंदावेल, पण सेकंदाच्या आत पूर्ववत व्हायला हवा. मोटर नुसती घुमत राहिली तर दोन-तीन सेकंदांत बंद करा, स्टार्ट वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही.

रोजचा क्रम साधा आहे. लोडशिवाय सुरू करा, दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्या, चेंजओव्हर फिरवा, मोठी मोटर आधी, बाकीचं मागून. फ्रिज नुकताच बंद पडला असेल तर पाच मिनिटं थांबा, कॉम्प्रेसरमधला दाब उतरल्याशिवाय तो सुरूच होत नाही. बंद करताना लोड आधी काढा, इंजिन दोन मिनिटं रिकामं चालू द्या. इंधन इंजिन थंड झाल्यावरच भरायचं. तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेलं पेट्रोल क्षणात पेटतं.

पहिलं ऑइल २० तासांनी बदला, त्यात इंजिनाच्या अंगचा धातूचा चुरा असतो. पुढे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, लहान इंजिनांना बहुधा ५० ते १०० तासांनी. धुळीच्या जागी एअर फिल्टर त्याहून लवकर धुवा. महिन्यातून एकदा २० मिनिटं चालवा, आणि लोड देऊन चालवा. फार दिवस बंद राहिलेल्या अल्टरनेटरच्या गाभ्यातलं उरलेलं चुंबकत्व ओसरतं आणि मग इंजिन छान चालतं पण व्होल्टेज शून्य.

पेट्रोल सेट दोन महिन्यांहून जास्त बंद ठेवायचा असेल तर कार्ब्युरेटर (इंधन आणि हवा मिसळणारा भाग) रिकामा करा, कारण पुढच्या वेळी ‘सुरूच होत नाही’ म्हणून येणाऱ्या सेटांमध्ये बहुतेक वेळा त्यातला मेन जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक नळीच चोंदलेली सापडते. त्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं आणि वाळलेल्या पेट्रोलचा मधासारखा चिकट थर ते सहज बंद करतो. मग इंजिन फक्त अर्ध्या चोकवर चालतं, किंवा डचकत राहतं. टाकी रिकामी करा. नाही केली तरी फ्युएल कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा. त्यानंतरही कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत दोन-तीन चमचे पेट्रोल उरतंच. इंजिन गार झालं की वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करा, खाली छोटं भांडं धरा, शेवटचा थेंब गळू द्या. स्क्रू पुन्हा बसवताना त्याखालचं वॉशर चेपलेलं दिसलं तर बदलून टाका.